बाकावर बसायला इतक्या लांब?

जुलै २०२५ मधली गोष्ट. सकाळचा दुसरा चहा चालला होता. न्यू जर्सीहून मुलाने फोनवर एक बातमी पाठवली होती, ती मी हिला वाचून दाखवत होतो. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधली चाकाची आगबोट कायमची बंद झाली. ज्या कृत्रिम नदीतून ती एका बेटाला फेरी घालायची, ती नदी आणि ते बेटही बंद झाले. तिथे मोटारींच्या एका गाजलेल्या कार्टूनपटावर आधारलेले नवे काहीतरी उभे राहायचे आहे. बातमी संपली. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आपली ती बोट राहिलीच."

मी कप खाली ठेवला. त्या बोटीची बाकी माझ्या नावावर होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

२०१८ साली मी बँकेतून निवृत्त झालो आणि पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे गेलो. नातू तेव्हा सव्वातीन वर्षांचा. जुलैत चार दिवस ऑर्लँडोला जायचे ठरले आणि आखणीचे काम मी हौसेने अंगावर घेतले. शाखेची तपासणी असो की मार्चअखेर, तक्ता करण्यात छत्तीस वर्षे माझा हात धरणारा कोणी नव्हता. पार्क चार, दिवस चार. प्रत्येक राईडला मिनिटे नेमून दिलेली. जेवणाला पंचवीस मिनिटे. विश्रांती या शब्दाला रकानाच नव्हता. तक्त्याच्या प्रती काढून मी सर्वांना वाटल्या, तेव्हा सूनबाई गालातल्या गालात हसली होती. ते हसू कौतुकाचे आहे असे मी समजलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मॅजिक किंगडममध्ये होतो. फ्लोरिडातला जुलै म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्याची काहिली आणि जूनचा दमटपणा एकाच ताटात वाढलेला. वर रोज दुपारी ढग गडगडणार ते वेगळेच. नदीच्या धक्क्याला पांढरी, तीन मजली आगबोट लागली होती. ही म्हणाली, "अहो, हिच्यात बसू या का? सावली आहे, वारा आहे." मी तक्ता पाहिला. "पुढच्या वेळी बसू," मी म्हणालो. "ही काय, नुसती फिरून जागेवर येते."

साडेचारला ही एका दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेना. चेहरा पांढरा पडलेला. मुलाने धावपळ केली, तिथल्या प्रथमोपचार केंद्रात नेले. परिचारिकेने खाटेवर निजवले, थंड पाणी दिले, दिवा मंद केला. तासाभरात हिला बरे वाटले. रात्री हॉटेलवर मी अपराध्यासारखा पाय चेपत बसलो होतो, तर ही म्हणाली, "खरं सांगू? सबंध दिवसातला तो एक तास छान गेला. कुणी घाई केली नाही. त्याला तिकीट असतं तरी मी काढलं असतं."

ती चेष्टा होती. पण बोचली, आणि बोचत राहिली.

आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना सहलीची ही रीत एल.एफ.सी.ने लावली. चार वर्षांचा ब्लॉक संपत आला की शाखेत कुजबुज सुरू होई, "तुमची लॅप्स होतेय की काय?" मग रजा टाकायची, बॅगा भरायच्या आणि दहा दिवसांत आठ गावे करायची. परतल्यावर शेजारी विचारत, "काय काय झालं?" आणि आपण बोटे मोडीत सांगायचे : मदुराई झालं, रामेश्वर झालं, कन्याकुमारी झालं, उटी मात्र राहिलं. आपल्या भाषेत गावे 'होतात' आणि 'राहतात', जणू ती कामांची यादी आहे. मुलगा आठ वर्षांचा असताना कन्याकुमारीला सूर्यास्त पाहायला आम्ही अकरा मिनिटे थांबलो होतो. हा आकडा मला पाठ आहे, कारण बस चुकेल म्हणून मी घड्याळाकडे पाहत होतो. सूर्य पाहिल्याचे फारसे आठवत नाही.

तर त्या सकाळी, बोटीच्या बातमीनंतर, आम्ही पुन्हा जायचे ठरवले. दोन मुदती जवळ आल्या आहेत. एक नातवाची. डिस्नेच्या तिकिटात तीन ते नऊ वर्षांची मुले बालक, दहाव्या वर्षापासून माणूस मोठा. येत्या मार्चमध्ये आमचा नातू दहा वर्षांचा होईल. तिकिटाच्या रकमेत फरक थोडाच पडतो, पण तो नियम वाचताना मला वाटले, हिशेब त्यांनी बरोबर मांडला आहे. आता तो रस्ता ओलांडताना आजीचा हात धरतो. आणखी दोन वर्षांनी मित्र पाहत असतील तर धरणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. दुसरी मुदत हिच्या उजव्या गुडघ्याची. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवताहेत, ही पुढे ढकलते आहे. मुदत ठेव मोडावी की नूतनीकरण करावे, असा सल्ला मी जन्मभर लोकांना दिला. या दोन ठेवींचे नूतनीकरण होत नाही.

या वेळी आखणी करण्याआधी मी जरा वाचन केले, आणि ज्या जागी मी इतकी घाई केली, त्या जागेचा उगमच एका बाकावर झाला हे कळून ओशाळलो.

वॉल्ट डिस्नेला दोन मुली. सुटीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मेरी-गो-राउंडवर घेऊन जाई. मुली लाकडी घोड्यांवर, आणि हा बाहेर बाकावर शेंगदाणे खात बसलेला. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आले, की आईबापांना आणि मुलांना एकत्र रमता येईल अशी एखादी जागा का असू नये? हा किस्सा त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितला. त्या विचारातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडले. ते चालले, पण भोवती मोटेल आणि दुकाने इतकी दाटली की वाढायला जागा उरली नाही. म्हणून फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून गुपचूप जमीन विकत घेतली. खरा गिऱ्हाईक कोण हे १९६५ मध्ये फुटेपर्यंत सुमारे सत्तावीस हजार एकर पदरात पडली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६६ मध्ये, वॉल्ट वारला.

इथे या कथेत शिरतो तो माणूस मला फार जवळचा वाटतो. वॉल्टचा थोरला भाऊ रॉय. धाकटा स्वप्ने पाहायचा, थोरला पैसे उभे करायचा. आणि हा रॉय तरुणपणी कॅन्सस सिटीत बँकेत नोकरीला होता! भाऊ गेला तेव्हा तो निवृत्तीच्या वयाचा होता. निवृत्ती लांबवून त्याने ते काम तडीला नेले. १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडले. नुसते 'डिस्ने वर्ल्ड' नको, त्यात माझ्या भावाचे पूर्ण नाव हवे, असा आग्रह त्याने धरला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तीन महिनेही पुरते झाले नव्हते, तो गेला. निवांत बसायचे त्याचे राहिलेच.

आता त्या जागेचा आवाका पाहा, म्हणजे घाईची व्यर्थता लक्षात येईल. सगळा परिसर साधारण शंभर चौरस किलोमीटरचा. त्यात मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज (तेव्हा त्याचे नाव निराळे होते) आणि १९९८ चे ॲनिमल किंगडम अशी चार मोठी पार्के, शिवाय दोन जलक्रीडेची, वीसहून अधिक हॉटेले, तळी, बोटी, मोनोरेल, आणि सप्टेंबर २०१९ पासून आकाशातून जाणारे पाळणे. मॅजिक किंगडममध्ये आपण चालतो तो खरे तर दुसरा मजला. जमिनीत पाणी वर असल्यामुळे कामगारांच्या वाटा आधी जमिनीवर बांधल्या, शेजारी तळे खोदून निघालेली माती त्यांच्यावर आणि भोवती पसरली आणि त्यावर गाव वसवले. ही सगळी खटपट कशासाठी, तर एका कथेच्या वेशातला कामगार दुसऱ्या कथेच्या मोहल्ल्यातून जाताना दिसू नये. पाहणाऱ्याची तंद्री मोडू नये म्हणून एवढा उपद्व्याप केलेली जागा मी घड्याळ बघत पार केली.

पण घाईचा सगळा दोष माझ्या स्वभावाला देऊन भागणार नाही. ती तिकिटातच पेरलेली असते. १९७१ मध्ये मोठ्या माणसाला आत जायला साडेतीन डॉलर पडत, आणि राईडसाठी वेगळी कुपने असत. ए पासून ई पर्यंत, ई म्हणजे सर्वांत भारी. लोक कुपने बेताने खर्चत. चार उरली तर खिशात घालून घरी नेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत गेली आणि एका तिकिटात सगळे खुले झाले. झाले, तिथून आपली अमर्याद थाळी सुरू झाली! भूक किती आहे याला मग महत्त्व राहत नाही. पैसे वसूल झाले पाहिजेत. आज मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट शंभर डॉलरच्या वरच असते आणि नाताळच्या गर्दीत दोनशेच्या घरात जाते. रुपयांत गुणाकार करून बसलेला माणूस तिथे बाकावर टेकेलच कसा?

त्यात रांगेची भर. १९९९ मध्ये फुकट वेळ राखून देणारी पद्धत आली. ती २०२१ पासून पैशाची झाली. जुलै २०२४ पासून तर तिथल्या हॉटेलात उतरणाऱ्यांनी सात दिवस आधी आणि इतरांनी तीन दिवस आधी फोनवर वेळा धरून ठेवायच्या, अशी तऱ्हा. उपाहारगृहातले टेबल साठ दिवस आधी. परिणाम असा, की बाप फोनमध्ये, आई दुसऱ्या फोनमध्ये, आणि मूल विचारते आहे, "तो ससा कुठे गेला?"

मी बँकेचा माणूस असल्यामुळे आधी पैशाचेच पाहिले, कारण घरातली खरी लढाई तिथे असते. दोन गोष्टी आढळल्या. एक, तिकीट जितक्या जास्त दिवसांचे, तितका दर दिवसाचा भाव उतरतो; म्हणजे एक दिवस वाढवून प्रत्येक दिवस अर्धा करणे दिसते तितके महाग नाही. हॉटेलचे भाडे वाढते हे खरे, पण ते सुटीचा हंगाम टाळून बरेचसे भरून निघते. दुसरी गोष्ट आकड्यांपलीकडची. तिकीट काढले की ते पैसे गेले. त्यानंतर आठ राईड केल्या काय आणि तीन केल्या काय, गेलेला पैसा परत येत नाही. उरलेला दिवस कसा घालवायचा एवढेच आपल्या हाती असते. बुडीत खात्यात आणखी रक्कम ओतू नका, हे मी कर्जाच्या प्रकरणांत किती वेळा बजावले असेल! घरच्या सहलीत मात्र तीच चूक केली.

मग हंगाम. नाताळ, ईस्टरच्या आगेमागे मिळणारी वसंतातली सुटी, थँक्सगिव्हिंग हे गर्दीचे. उन्हाळा उकाड्याचा, आणि जून ते नोव्हेंबर वादळांचा. जानेवारीच्या मध्यातली जोडून येणारी सुटी संपली, की फेब्रुवारीच्या मध्यातल्या तशाच सुटीपर्यंत जरा उसंत असते. हवाही दुपारी बाविसाच्या आसपास. म्हणून जानेवारीअखेर ठरवली. मुलगा म्हणाला, "बाबा, त्याची शाळा बुडेल, आणि तुम्ही दोघं न्यू जर्सीच्या बर्फात याल?" शाळेचे चार दिवस आणि बर्फाचे दहा, ही या सहलीची खरी किंमत. आम्ही ती द्यायची ठरवली.

या वेळचा तक्ता मी पेन्सिलीने केला आहे. त्याची रीत उलटी. आधी काय गाळायचे ते लिहिले.

पहिला दिवस बिनतिकिटाचा. मोनोरेलमध्ये बसायला, तिथल्या बोटींतून तळी ओलांडायला, पाळण्यातून एका हॉटेलाहून दुसऱ्याला जायला पैसे पडत नाहीत. पोचलेल्या दिवशी एवढेच. दुसऱ्या दिवशी मॅजिक किंगडम, पण सकाळी उघडताना जायचे आणि उन्हे चढली की बाहेर पडायचे; त्याच तिकिटावर संध्याकाळी पुन्हा आत येता येते. दुपारी दीड ते चार झोप. ही ओळ मी ठळक अक्षरांत लिहिली आहे. त्या पार्काभोवती वाफेची छोटी गाडी फिरते. तिची इंजिने १९१६ ते १९२८ च्या दरम्यान फिलाडेल्फियात घडली, मेक्सिकोत राबली, आणि भंगारात जायच्या बेतात असताना डिस्नेवाल्यांनी विकत घेऊन दुरुस्त केली. २०१९ मध्ये ती शेजारच्या बांधकामामुळे बंद होती. नेरळ-माथेरानच्या गाडीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला याहून अधिक काय हवे? चालू असली तर दोन फेऱ्या मारू, नसली तर धूर मनात.

तिसऱ्या दिवशी सुटी. सुटीतली सुटी ऐकून मुलगा फोनवर हसला. पण नातवाला मी विचारले होते, तुला तिथे काय काय हवे ते कागदावर लिही. त्याने तीन गोष्टी लिहिल्या : स्टार वॉर्स, हॉटेलचा पोहण्याचा तलाव, आणि आज्जीने माझ्याबरोबर निदान एका तरी राईडमध्ये बसणे. हजारो मैलांवर कोट्यवधी डॉलर खर्चून उभारलेल्या नवलाईत पोराला तलाव हवा, हे वाचून मला माझीच लाज वाटली. मागच्या खेपेला आम्ही त्या तलावाजवळून रोज दोनदा गेलो होतो, सकाळी धावत आणि रात्री फरफटत. तेव्हा तिसरा दिवस तलावाचा. दुपारी ॲनिमल किंगडमच्या हॉटेलातल्या सना नावाच्या उपाहारगृहात जेवण. तिथे नान आणि नाना तऱ्हेच्या चटण्या मिळतात, आणि खिडकीबाहेर कुरणात जिराफ नि झेब्रे चरत असतात. एरवीच्या न्याहारीसाठी दशम्या आणि लाडू बरोबर असतील. घरचे खाणे आत न्यायला तिथे मनाई नाही.

चौथा दिवस एपकॉटचा. तळ्याकाठी अकरा देशांचे मोहल्ले, पूर्ण फेरी दोन किलोमीटरची. त्यात आपला देश नाही. पण हिला तिथे एका गोष्टीसाठी न्यायचे आहे. लहान बोटीतून काचेच्या हरितगृहांमध्ये हिंडवतात. मातीवाचून वाढवलेली टोमॅटोची झाडे, भोपळे, वेलभाज्या दोन्ही बाजूंना. ही शेतकऱ्याघरची लेक. मागे ही राईड मी "भाजी बघायला अमेरिकेत कशाला?" म्हणून गाळली होती. आगबोट नाही तर निदान ही होडी. नातवाची तिसरी अटही तिथेच पुरी होईल.

पाचवा दिवस ॲनिमल किंगडमचा, आणि त्यातही मुख्यतः 'आनंदपूर'चा. होय, नाव अस्सल आपले. आशियातल्या एका कल्पित राज्याला त्यांनी ते दिले आहे. पडक्या राजवाड्याच्या भिंती, त्यांच्या आडून दिसणारे वाघ, मोठमोठी वटवाघळे. गेल्या वेळी तिथून आम्ही बारा मिनिटांत बाहेर पडलो होतो. वाघ झोपला होता, आणि तो उठेपर्यंत थांबायला तक्त्यात जागा नव्हती.

हॉलिवूड स्टुडिओज आमच्या यादीत नाही. मुलगा आणि नातू एक दिवस तिकडे जातील, कारण स्टार वॉर्स तिथे आहे. सूनबाई म्हणाली, "मी त्या दिवशी नुसतं पुस्तक वाचणार." एकत्र सहल म्हणजे पाचही जणांनी सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकांना बांधून घेणे, ही समजूतही या निमित्ताने सुटली. दिवसभर आपापले फिरून संध्याकाळी भेटल्यावर सांगायला काहीतरी असते.

अडचण उरली ती चाकाच्या खुर्चीची. त्या पार्कात दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. खुर्ची भाड्याने मिळते. ही ऐकेना. "सुनेसमोर, नातवासमोर खुर्चीत बसून फिरू? अजून हातीपायी धड आहे मी." दोन आठवडे हा विषय घरात निघाला की ही स्वयंपाकघरात जायची. शेवटी नातवाने व्हिडिओ कॉलवर प्रश्न सोडवला. म्हणाला, "आज्जी, ती खुर्ची नाही, तो आपला बाक आहे. आपण तो बरोबर नेणार. मी ढकलणार, आणि दमलो की मी बसणार, तू ढकलायचं." ही हसली. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या उत्तराचा अर्थ मला कळतो.

मुलाचा शेवटचा सवाल मात्र रास्त होता. "बाबा, एवढा खर्च करून, एवढ्या लांब जाऊन, बाकावर बसायचं?" मी लगेच उत्तर दिले नाही. त्याच्या लहानपणी मी त्याला पुष्कळ ठिकाणी नेले आणि कुठेच बसू दिले नाही. आता तो त्याच्या मुलाला तसेच नेतो आहे. घाईदेखील वडिलोपार्जित असते. हे त्याला फोनवर सांगण्यापेक्षा तिथे बाकावर शेजारी बसून सांगावे असे वाटले.

आपल्या लोकांनी आता खूप प्रवास सुरू केला आहे, आणि ती आनंदाची गोष्ट आहे. पण पैसा साठवायला जितकी शिस्त लागते, तितकीच सवड साठवायलाही लागते हे आपल्या अंगवळणी पडलेले नाही. सवड आपोआप मिळत नाही. ती आधीपासून राखून ठेवावी लागते, कोणी मागितली तरी द्यायची नाही असे ठरवावे लागते. घाटातल्या पाट्यांवर आपण वर्षानुवर्षे वाचतो, 'अति घाई संकटात नेई'. ती पाटी वाहनचालकांसाठी आहे असे समजून आपण मागच्या सीटवर निश्चिंत बसतो. काशीला जा, कोकणात जा, की ऑर्लँडोला जा. एक दिवस रिकामा सोडा आणि यादीतली निदान एक गोष्ट मुद्दाम गाळा. गाळलेल्या गोष्टीची चुटपुट दोन दिवस लागते. हातातून निसटलेल्या सोबतीची किती दिवस लागते, ते मी बोटीवरून सांगतो आहे.

मॅजिक किंगडमच्या दारातून आत गेल्यावर लगेचच्या चौकात रॉय डिस्नेचा पुतळा आहे. तो उभा नाही, हात उंचावलेला नाही. बँकेतला तो जुना कारकून एका बाकावर बसला आहे आणि शेजारी मिनी माऊस. २०१९ मध्ये आम्ही त्याच्यासमोरून गेलो असणारच, कारण दुसरी वाट नाही. मला तो दिसला नाही.

दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात मी सकाळी सर्वांत आधी तेच लिहिले आहे : 'चौकात बसणे.' किती वेळ, ते लिहिलेले नाही. काल हिने तक्ता हातात घेतला, चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाली, "यातलं बरंच राहील हो." मी म्हणालो, "राहू दे. आपण पण राहू."